नकाशा वाचायला आलेल्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठेही छापायचं नाही, असं तुम्ही बजावून ठेवलंय, म्हणून नुसतं ताई. आमच्या सोसायटीत एवढं पुरतं. बाहेरच्यांसाठी सांगतो की तुम्ही ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारपणात किंवा अपंगत्वात रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या. आमच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना अर्धांगवायू झाला, तेव्हा त्यांचे व्यायाम घ्यायला येत होतात. विक्रोळीतली म्हाडाची इमारत, लिफ्ट नाही. आजींना दवाखान्यात न्यायचं म्हणजे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं.

त्याच सुमारास आम्ही स्वयंपुनर्विकासात गळ्यापर्यंत बुडालो होतो. बिल्डर न नेमता सोसायटीनेच बांधायचं, विक्रीच्या घरांतून खर्च काढायचा, नफा सभासदांत राहू द्यायचा. १३ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने या वाटेला सवलती दिल्या आणि आमच्यासारख्यांना धीर आला. म्हाडाचं देकारपत्र (मंजुरीच्या अटींचं पत्र), बँकेचं कर्ज, भाड्याचे चेक, एफएसआय (भूखंडावर किती बांधता येईल ते प्रमाण), टीडीआर (दुसरीकडून विकत घेता येणारा बांधकामाचा हक्क) हे शब्द आमच्या बायकापोरांनाही पाठ झाले होते. सभेत प्रश्न मात्र एकच: कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, किती मिळणार? तुम्ही आजींच्या घरातून निघताना जिन्यात थांबून मला म्हणालात, "नकाशा बघायला मिळेल का?" मी दिला. खरं सांगायचं तर तुम्हाला तो वाचता येईल असं वाटलं नव्हतं.

तुम्ही पेन्सिल घेऊन नकाशात राहायलाच गेलात. बाथरूमचं दार आत उघडतंय. म्हातारं माणूस आत पडलं तर त्याच्याच अंगाने दार अडणार, म्हणून ते बाहेर उघडा किंवा सरकतं करा. भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या आहेत, त्यात आधाराच्या दांडीचा स्क्रू माणसाच्या वजनाला टिकत नाही, म्हणून कमोडशेजारी काँक्रीटचा पट्टा आत्ताच टाका. बाथरूमची पायरी काढायची तर तिथला स्लॅब आधीच खाली घ्यावा लागतो, नंतर काही करता येत नाही. मुख्य दार ९०० मिलिमीटर मोकळं, आणि व्हीलचेअर वळायला १५०० मिलिमीटरचं वर्तुळ कुठेतरी मिळायलाच हवं. आर्किटेक्टसाहेब सुरुवातीला जरा वैतागले. मग त्यांनी स्वतःच पेन्सिल मागून घेतली. यातल्या बहुतेक गोष्टी कागदावर असताना जवळपास फुकट होत्या. इमारत उभी राहिल्यावर त्यांच्यासाठी तोडफोड करावी लागली असती.

उंबरठ्यावरून झालेलं महाभारत तुम्हाला आठवत असेलच. चाक अडकतं, पाय अडखळतो, म्हणून उंबरठा नको, असं तुम्ही म्हणालात आणि महिला मंडळ उठून उभं राहिलं. उंबरठ्याशिवाय घर कसलं, हळदीकुंकू कुठे लावायचं? तुम्ही वाद घातला नाहीत. फरशीच्याच पातळीत काळ्या दगडाची पट्टी बसवायची, पूजा तिची करायची, असं सुचवलंत. चौथ्या मजल्यावरच्या काकांना अंधुक दिसतं. दार कुठे सुरू होतं ते त्यांना त्या काळ्या पट्टीवरून कळतं.

रॅम्प होताच, पण मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांजवळ, स्कूटर चढवण्यापुरता आणि भलताच चढा. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, हे गणित तुम्ही फळ्यावर मांडलंत. आमचं जोतं दोन फूट, म्हणजे चोवीस फूट रॅम्प, वर आणि खाली सपाट जागा वेगळी. जोतं कमी करायला कुणी तयार नव्हतं, कारण २६ जुलै २००५ चं पाणी अनेकांनी घरात पाहिलेलं. शेवटी फाटकापासूनच अंगणाला हलका उतार दिला आणि रॅम्प पुढच्या दाराशी आला. त्यात दोन पार्किंग गेली. ज्यांची गेली त्यांनी मला वर्षभर नमस्कार केला नाही, पण ते माझं दुखणं, तुमचं नव्हे.

सर्वांत कठीण सभा मजल्यांची होती. घरं सोडतीनेच द्यायची हे ठरलेलं. तुमचं म्हणणं असं की ज्यांना गरज आहे त्यांना सोडतीआधी खालचे दोन मजले द्या, कारण आग लागली किंवा वीज गेली की लिफ्टचा उपयोग नसतो. "हे फाजील लाड आहेत," असं एक जण ओरडले. मग तुम्ही दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा काढलात आणि त्यातले २१ प्रकार वाचून दाखवलेत. पार्किन्सन्स आला, थॅलेसेमिया आला, ऐकू न येणं आलं. सभागृह हळूहळू गप्प झालं, कारण प्रत्येक नावाला कुणाचं तरी घर आठवत होतं. ओरडणाऱ्यांच्या घरातही एक नाव निघालं. सरकारी नियमाने पुनर्विकासाला २०१९ पासून ५१ टक्के संमती पुरते. हा ठराव मात्र एकही विरोध न होता झाला.

तुमचा अजून एक हट्ट तेव्हा मला विषयाबाहेरचा वाटला होता. थेरपिस्टने मेंटेनन्समध्ये कशाला पडावं? पण पेन्शनवर जगणाऱ्या तुमच्या रुग्णांचे हिशेब तुम्हाला ठाऊक होते. नव्या टॉवरमध्ये घर फुकट मिळतं आणि महिन्याचं बिल झेपत नाही म्हणून लोक ते विकून लांब निघून जातात, हे आम्हीही आजूबाजूला पाहत होतो, बोलत नव्हतो. पोडियमवरची (पार्किंगच्या छतावरची) बाग, क्लबहाऊस, यांत्रिक पार्किंग असं सगळं तुम्ही एकेक करून आमच्याच तोंडून रद्द करवलंत. कॉर्पस फंडाच्या, म्हणजे सोसायटीच्या कायम ठेवीच्या व्याजातून आता मेंटेनन्सचा मोठा भाग भागतो. परवडणारं घर म्हणजे फक्त ताब्याच्या दिवशीचा भाव, असा आमचा समज होता. तो तुम्ही मोडलात.

क्लबहाऊस गेलं आणि त्या जागी तळमजल्यावरची खोली आली. सकाळी ज्येष्ठांसाठी, दुपारनंतर विशेष मुलांसाठी. दोन मदतनीस पगारावर आहेत, बाकी सोसायटीतल्या बायका पाळ्या लावतात. पाळ्या चुकतात, भांडणंही होतात. पण आजींची सून आता पूर्ण दिवस नोकरीला जाते. पूर्वी तिला ते शक्य नव्हतं.

सगळं जमलं असं नाही. लिफ्टमधला मजला सांगणारा आवाज रात्री त्रास देतो म्हणून कुणीतरी बंद करून ठेवतं, काका पुन्हा सुरू करायला लावतात. बांधकामाच्या काळात भाड्याच्या घरांत पांगलेल्या म्हाताऱ्यांपैकी काही जण परत आले नाहीत. तुम्ही त्या दिवसांत त्यांच्याकडे जाऊन येत होतात, हे मला फार उशिरा, त्यांच्या मुलांकडून कळलं. त्याबद्दल वेगळे आभार.

मानधनाचं पाकीट तुम्ही दोनदा परत केलंत. आता पैशाचं नाही, कामाचंच सांगतो. शेजारच्या सोसायटीचे नकाशे अंतिम होत आलेत. त्यांची बाथरूमची दारं आत उघडतात, मी स्वतः पाहिलं. त्यांना तुमचा नंबर देऊ का? हो म्हणालात तर लवकर कळवा, पुढच्या महिन्यात ते सीसीसाठी, म्हणजे बांधकाम सुरू करायच्या परवानगीसाठी जाणार आहेत.

आपला नम्र,
सचिव
(आणि सोसायटीचे सर्व सभासद, पार्किंग गेलेल्या दोघांसह)