टक्क्यांच्या शेजारी तासही लिहा

बारावीचा निकाल लागला की चौकाचौकात गुणवंतांचे फ्लेक्स झळकतात. झळकोत बापडे. पण राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास राबलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांचा फोटो मी तरी अजून कुठे पाहिलेला नाही. गांधी जन्मशताब्दी वर्षात, १९६९ मध्ये सुरू झालेली ही योजना.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावात त्यांचं सात दिवसांचं शिबिर होतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून, तोंडं शिवून, त्या एकावर एक रचत मुलांनी ओढ्यावर वनराई बंधारा घातला. पहिल्या दिवशी फावडं कसं धरायचं हेही अनेकांना ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी हाताला फोड आलेली एक मुलगी आम्हा म्हाताऱ्यांनाच ‘आजोबा, गोणी नीट धरा’ म्हणून दटावत होती! पाणी मार्चपर्यंत टिकलं, गुरांची सोय झाली.

समारोपात मात्र शाल-नारळ सगळे पाहुण्यांना. मुलं मागे सतरंजीवर.

कनिष्ठ महाविद्यालयांनी येत्या निकालाला टक्क्यांच्या शेजारी सेवेचे तासही लिहावेत. आणि सत्कार त्या ओढ्याच्या काठीच करावा, गावाच्या खर्चाने.

– एक निवृत्त शिक्षक, संगमनेर