उलटतपासणी ऐकताना

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तू बातमीदार म्हणून सत्र न्यायालयात खुनाचा खटला ऐकायला बसणार आहेस, म्हणून हे घाईने लिहिते आहे.

ईकोर्ट्स या न्यायालयांच्या अ‍ॅपवर खटल्याचा सीएनआर, म्हणजे १६ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, घातलास की मागच्या तारखांना काय झालं आणि पुढची कशासाठी आहे ते दिसतं. तरीही सकाळी दालनाबाहेरचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, बघच. साक्षीदार आला नाही किंवा आरोपीला तुरुंगातून आणलं नाही, तर पुढची तारीख पडते. तो दिवस वाया गेला असं समजू नकोस. तहकुबी कोणी मागितली, कारण काय दिलं, ते टिपून ठेव. फोन बंद, रेकॉर्डिंग अजिबात नाही. खटला जुना असेल तर खुनासाठी भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ ऐकू येईल. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं १०३.

वहीचं पान उभं दुमड. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. सगळा घोळ होतो तो या दोन रकान्यांची सरमिसळ झाल्यामुळे. सरतपासणीत, म्हणजे साक्षीदार आणणाऱ्या बाजूच्या पहिल्या प्रश्नांत, सरकारी वकिलांना आपल्या साक्षीदाराला उत्तर सुचवता येत नाही, त्यानंतर विरुद्ध बाजू प्रश्न विचारते त्या उलटतपासणीत बचावाच्या वकिलांना ती मुभा असते. ते म्हणतात, ‘तुम्ही घटनास्थळी नव्हताच.’ साक्षीदार नाकारतो. जबाबात टंकलं जातं, ‘हे म्हणणे खरे नाही की, मी घटनास्थळी नव्हतो.’ आणि नवखा बातमीदार मथळा देतो, साक्षीदार घटनास्थळी नव्हता! वकिलाने सुचवलेलं म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा साक्षीदाराच्या उत्तरात असतो. मुक्ता, ही एक चूक एखाद्या माणसाला निकालाआधीच खोटारडा ठरवते.

साक्षीदार बोलतो ते जसंच्या तसं नोंदीत जात नाही, हेही ध्यानात ठेव. बहुतेक वेळा न्यायाधीश त्याचं म्हणणं सलग निवेदनात लघुलेखकाला सांगतात. त्यामुळे शब्दन् शब्द तुझ्या कानांनी ऐकला असेल तरच अवतरणचिन्हं वापर. एखादा प्रश्न न्यायालयाने नाकारला, तर तो नाकारला हेही लिही.

पंच, म्हणजे पोलिसांच्या पंचनाम्याचा साक्षीदार, फितूर झाला, आपल्या आधीच्या म्हणण्यावरून फिरला, की ‘खटला कोसळला’ असं लिहायची घाई होते. फितूर साक्षीदाराची साक्ष सगळी पुसली जात नाही. इतर पुराव्याशी जुळणारा भाग न्यायालय ग्राह्य धरू शकतं. तसंच ‘आरोपीने पोलिसांपुढे कबुली दिली’ हे वाक्य. अशी कबुली त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. ती सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर त्या सापडण्याशी संबंधित तेवढाच भाग चालतो.

मधेच बलात्काराचा खटला पुकारला आणि दालन रिकामं करायला सांगितलं, तर न विचारता ऊठ. पीडितेचं नाव छापता येत नाहीच. पण गाव, शाळा, आरोपीशी नातं यांतूनही ओळख फुटते. मला याची फार काळजी वाटते.

निकालाच्या दिवशी ‘दोषी’ ऐकल्याबरोबर बाहेर धावू नकोस. शिक्षेबद्दल आरोपीचं म्हणणं ऐकून मग शिक्षा सुनावतात, कधी वेगळ्या तारखेला. कोणत्या कलमाखाली दोषी, कोणत्या आरोपातून मुक्त, हे वेगवेगळं लिही. शिक्षा एकत्र भोगायच्या की एकामागून एक, हे वाक्य अगदी शेवटी येतं आणि तेव्हा दालनात गलका असतो. ऐकू आलं नाही तर सरकारी वकिलांना किंवा बचावाच्या वकिलांना विचार, मगच बातमी पाठव.

तुझी,
आई