दादा, त्याला मार्क विचारू नकोस

कोलंबस, ओहायो
२६ ऑक्टोबर

ती. स्व. दादा आणि सौ. वहिनी यांस,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाळाच्या मार्कांवरून तू फार चिडला होतास आणि मला नीट सांगता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून सकाळी लिहायला बसले. वहिनी, तुम्हीही शेवटपर्यंत वाचा. यातलं अर्धं काम तुमच्याकडून होण्यासारखं आहे.

तुझा राग मला समजतो. प्लॉट विकून फी भरायची, आणि युनिव्हर्सिटीला मेल केला तर उत्तर येतं, मुलाचे मार्क तुम्हाला सांगता येणार नाहीत. पण दादा, ते तुला टाळत नव्हते. इथे १९७४ सालचा एक कायदा आहे, फर्पा म्हणतात त्याला. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क आईवडिलांकडून त्याच्याकडे जातो. फी कोणी भरली हे त्यात बघत नाहीत. त्याने स्वतः लेखी संमती दिली तरच तुला कळेल. मी नोकरी करते त्याच युनिव्हर्सिटीत तो असता तरी आत्या म्हणून त्याची फाईल उघडायचा मला अधिकार नसता.

तर मार्क बाजूला ठेव. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. वहिनी म्हणाल्या, "तो कॅल्क्युलस सोडतोय, पुढच्या टर्मला घेईन म्हणतो." किती सहज म्हणाल्या! त्यांनी वाचून दाखवलेले विषय मी लिहून घेतले होते. इथे प्रत्येक विषयाला वजन असतं, त्याला क्रेडिट म्हणतात. कॅल्क्युलस चार क्रेडिट, केमिस्ट्री चार, इंग्रजी तीन, प्रोग्रॅमिंग तीन. चौदा झाले. चार सोडले की दहा उरतात. आणि एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावरच्या पदवीच्या मुलाला टर्मला किमान बारा क्रेडिट असावेच लागतात. परवानगी न घेता त्याखाली गेलं की व्हिसाचा दर्जाच जातो. कॉम्प्युटर त्याला अडवेलच असं नाही. बटण दाबलं की विषय जातो, आणि पुढचं कळतं ते आठवड्याने. माझ्याकडच्या एका मुलाचं असंच झालं होतं. रविवारी रात्री त्याने विषय सोडला, कोणाला विचारलं नाही. त्याला घरी परत जावं लागलं आणि नवी कागदपत्रं करून यायला पुढची टर्म उजाडली. हुशार मुलगा होता. मला तो अजून आठवतो.

त्यावर वाट आहे. इंटरनॅशनल ऑफिसात डीएसओ नावाचा अधिकारी असतो, तो कमी क्रेडिटची परवानगी देऊ शकतो. इंग्रजीची अडचण, इथल्या शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणं, चुकीच्या पातळीच्या वर्गात पडणं, अशी कारणं त्यात बसतात. नवख्या मुलांचा विचार करूनच ती सवलत ठेवली आहे. पण विषय सोडण्याच्या आधी ती घ्यावी लागते, निदान सहा क्रेडिट ठेवावे लागतात, आणि अभ्यास झेपत नाही या कारणाने एका पदवीत ती एकदाच मिळते. म्हणून ती आत्ताच खर्च करायची का, हे कोणीतरी त्याच्याबरोबर बसून ठरवायला हवं. ते काम ॲडव्हायझरचं, म्हणजे मी रोज जे करते ते.

तू मागे विचारलं होतंस, "तू नक्की करतेस काय तिथे?" आणि मी "समुपदेशन" म्हणून मोकळी झाले होते. तो शब्द बरोबर नाही. पीएच.डी.चा गाईडही वेगळा. आपल्याकडे बारावीनंतर फॉर्म भरला की पुढची वर्षं छापील असायची. विषय ठरलेले, पेपर ठरलेले, राहिला तर एटीकेटी. इथे पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात आणि ते कुठून कसे गोळा करायचे हे बरंचसं मुलावर असतं. एटीकेटी नाही. विषय राहिला तर पुन्हा फी भरून पुन्हा बसायचं. शिवाय इंजिनिअरिंगला विषयांची साखळी असते. कॅल्क्युलस एक झाल्याशिवाय कॅल्क्युलस दोन नाही, फिजिक्स झाल्याशिवाय स्टॅटिक्स नाही, त्याशिवाय डायनॅमिक्स नाही. त्यातला एखादा विषय वर्षातून एकदाच शिकवत असतील तर पहिल्या टर्मची अडखळ शेवटी अख्खं वर्ष खाते. पालकांना हे कधीच दिसत नाही, आणि मुलालाही दिसत नाही, कारण तो फक्त या आठवड्याची परीक्षा बघत असतो.

मुलगा माझ्यासमोर बसतो तेव्हा आमच्या दोघांमध्ये एक स्क्रीन असतो. काय झालं, काय राहिलं, पुढे काय उघडतं, सगळं त्यावर. अर्धा तास मिळतो. पहिली पाच मिनिटं मी स्क्रीनकडे बघतच नाही. झोप होते का, जेवतोस कुठे, काम किती तास करतोस, हे विचारते. निम्म्या वेळा कॅल्क्युलसचं दुखणं कॅल्क्युलसमध्ये नसतंच.

अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीने २०१२ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर केलं. जुन्या विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासून, मूल कुठे घसरू शकतं याच्या आठशेच्या वर खुणा काढल्या. चुकीचा विषय घेतला, मुख्य विषयाच्या पहिल्याच पेपरात कमी पडला, की ॲडव्हायझरला इशारा जातो. पण नुसता इशारा देऊन ते थांबले नाहीत, बरेच नवे ॲडव्हायझर नेमले. मला त्यातलं हेच सर्वांत पटतं. इशारा कॉम्प्युटर देईल, पण मुलाला फोन करून "ये, बसू" म्हणायला माणूसच लागतो.

आणि आपली मुलं तिथेच अडतात रे. आपल्या लहानपणी ऑफिसात बोलावलं म्हणजे काहीतरी केलं असणार, हेच डोक्यात बसलेलं. हेडमास्तरांच्या केबिनबाहेर पाय कसे जड व्हायचे, आठवतं? ती भीती पोरं विमानातून इथे घेऊन येतात. इथली मुलं सप्टेंबरातच दार वाजवतात. आपली येतात नोव्हेंबरात, सगळं हातातून गेल्यावर, आणि पहिलं वाक्य असतं, "घरी कळणार नाही ना?" ते ऐकलं की मला दर वेळी सांगली आठवते.

म्हणून विनवते, त्याला मार्क विचारू नकोस. संमतीचा कागदही आत्ता मागू नकोस. तो सही करेल आणि तुझ्यापासून आणखी दूर जाईल. वहिनी, तुम्ही फोन करा. एवढंच विचारा, "ॲडव्हायझरला भेटलास का? कधीची वेळ मिळाली?" आणि सांगा की त्यांना भेटून होईपर्यंत कुठलंही बटण दाबू नकोस. विषय मधूनच सोडला तर निकालावर डब्ल्यू येतो. सरासरीत तो धरत नाहीत, नापासाचा एफ धरतात. डब्ल्यू आला म्हणून कोणाचं आयुष्य बिघडलेलं मी पाहिलेलं नाही. हे दादाच्या तोंडून त्याने ऐकलं तर त्याच्या छातीवरचा दगड उतरेल. विषय सोडायची शेवटची तारीख आता जवळ आली असणार, त्यामुळे हा आठवडा महत्त्वाचा. स्प्रिंगची, म्हणजे जानेवारीपासूनच्या टर्मची नोंदणीही आता सुरू होईल. कित्येक ठिकाणी ॲडव्हायझरला भेटल्याशिवाय ती उघडतच नाही, हे त्याला माहीत असू दे.

छोटीने मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय) आणि ओपन इलेक्टिव्हबद्दल (आवडीने निवडायचा विषय) विचारलंय, तिला वेगळं लिहीन. तोवर तिला म्हणावं, मायनर मैत्रिणीने घेतलं म्हणून घेऊ नको. तिच्या कॉलेजात मेंटॉर म्हणून एखाद्या शिक्षकांचं नाव नक्की लावलेलं असेल. त्यांना जाऊन भेट आणि विचार, की हा मायनर घेतला तर चौथ्या वर्षी ऑनर्सला काय उरतं.

बाळाला माझा नंबर आहे. शनिवार-रविवार मी घरीच असते, त्याने रात्री कितीही वाजता फोन केला तरी चालेल. त्याने मला जे सांगितलं ते मी तुम्हाला त्याच्या परवानगीशिवाय सांगणार नाही, हेही त्याला आधीच सांगून ठेवा. दादा, यावर रागावू नकोस.

आईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. चकलीची भाजणी मिळाली तर कोणाबरोबर तरी पाठव, इथली दळून बघितली, जमत नाही.

तुझी,
धाकटी