पक्या, चिऊला 'सुटलीस' म्हणू नकोस

परळ
रविवार, 22 ऑगस्ट 2021

प्रिय पक्या,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज काल रात्री ऐकला. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, दोन मिनिटात तुझ्या ऑफिसच्या लफड्यांवर येतोस, म्हणून म्हटलं सरळ टाइप करतो, लांबलं तर लांबलं. सुट्टी आहे, राखीपौर्णिमेचा नारळीभात जरा जास्तच झालाय आणि झोप काय येत नाहीये.

तर तुझी चिऊ. तू म्हणतोस पोरगी धड जेवत नाही, अकरावीचा पसंतीक्रम भरायला बसवलं की लॅपटॉप आपटते, आणि काल तर दिवसभर दार लावून बसली, वहिनींनी किती वेळा हाक मारली तरी नाही. अरे पण काल तारीख काय होती बघितलीस का? 21 ऑगस्ट. काल अकरावी प्रवेशाची सीईटी असती. 10 तारखेला हायकोर्टाने रद्द केली नसती तर काल या वेळी ती ओएमआर शीटवरचे गोळे रंगवून घरी येऊन तुमच्याशी आन्सर कीवरून भांडत बसली असती. म्हणजे उगाच बसली नव्हती ती दार लावून.

मला वाटतं तुम्ही दोघं समजताय की तिला दहावीचे 81 टक्के कमी वाटतायत. म्हणून तू सारखं "परीक्षेतून सुटलीस, 81 काय वाईट आहेत, आम्हाला 58 होते" सुरू केलंयस. (58 नव्हते, 56 होते, मला आठवतंय.) पण तिचं दुखणं वेगळंच आहे रे. तिचा 81 चा हिशोब एकदा शिक्षकाच्या नजरेने बघ, म्हणजे कळेल.

कोरोनामुळे बोर्डाची परीक्षा रद्द झाल्यावर 28 मे ला निकालाचा जो फॉर्म्युला आला तो असा की 100 पैकी 50 मार्क नववीच्या निकालावरून, 30 दहावीच्या वर्षातल्या लेखी चाचण्या आणि सरावांवरून आणि 20 तोंडी, प्रात्यक्षिक, अंतर्गतचे. आता ही पोरं नववीत कधी होती? 2019-20 ला. त्या वर्षी एप्रिलमध्ये नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाच रद्द झाली, त्यामुळे नववीचा निकाल म्हणजे मुख्यतः पहिल्या सत्राचा, ऑक्टोबर 2019 चा. आणि ऑक्टोबर 2019 ला तुमच्या घरी काय चाललं होतं ते मी तुला सांगायला नको. काकू आयसीयूत, तू आणि वहिनी आळीपाळीने हॉस्पिटलात, आणि चिऊ मावशीकडे भांडुपला, दप्तर अर्धं इकडे अर्धं तिकडे. तेव्हाच्या त्या परीक्षेत तिला 66 टक्के पडले. 66 चे अर्धे 33. उरलेल्या 30 पैकी तिला 28 आणि 20 पैकी 20, ढोबळ मानाने. झाले 81. म्हणजे जे तिने दहावीत स्वतःच्या जिवावर केलं त्यात तिला 50 पैकी 48 आहेत पक्या! अख्खं वर्ष शाळा बंद, मुंबईत एक दिवस वर्ग भरला नाही, मोबाइलवर भूमिती शिकली पोरगी, मागून कुकरच्या शिट्ट्या आणि तुझं वर्क फ्रॉम होमचं "हॅलो हॅलो आवाज येतोय का", आणि त्यातून 48. तिला हे माहितीये. तिने हा हिशोब केव्हाच केलाय, खात्रीने सांगतो, कारण माझ्या वर्गातल्या प्रत्येक हुशार पोराने तो केलाय.

दहावीत जागी होणारी पोरं असतात बघ. नववीपर्यंत टंगळमंगळ आणि मग दिवाळीनंतर असं काय डोक्यात शिरतं की मार्चपर्यंत ओळखू येत नाहीत. आपल्या चाळीतच किती होते. बोर्डाची परीक्षा कितीही शिव्या दे, पण त्या पोरांना ती एक गोष्ट द्यायची, की मागचं सगळं बाजूला, आज तीन तासात काय येतं ते दाखव. यंदा नेमकं तेच गेलं. आम्ही निकाल समितीत बसलो होतो ना जूनमध्ये, नववीची रजिस्टरं पुढ्यात घेऊन, तेव्हा नावं दिसायची आणि सगळे गप्प व्हायचे, कारण सगळ्यांना माहीत असायचं की हा पोरगा आता असा राहिलेला नाही, पण रजिस्टरात जे आहे तेच भरायचं.

बरं हे काय फक्त आपल्याकडे नाही. इंग्लंडात गेल्या वर्षी परीक्षा रद्द करून कॉम्प्युटरच्या फॉर्म्युल्याने ग्रेड दिल्या, जवळपास 40 टक्के ग्रेड शिक्षकांनी सुचवलेल्यापेक्षा खाली आल्या, चांगल्या पोराची शाळा आधीपासून कमी निकालाची असेल तर तो पण खाली, पोरं बोर्ड घेऊन रस्त्यावर उतरली आणि चार दिवसात सरकारला ते मागे घ्यावं लागलं. फॉर्म्युला कुठलाही आणा, तो मागे बघूनच मार्क देणार, आणि मार बसणार तो सुधारलेल्या पोराला.

परीक्षा रद्द करायला नको होती असं मी म्हणत नाहीये हां. एप्रिलमध्ये काय अवस्था होती, बेड नाही, ऑक्सिजन नाही, 29 तारखेला पेपर सुरू व्हायचा होता आणि 20 ला रद्द केला, मला त्या दिवशी खरं तर हायसं वाटलं. सीईटीचं पण तेच, कोर्ट म्हणालं ते चूक नव्हतं, सगळा पेपर स्टेट बोर्डाच्या अभ्यासक्रमावर, मग सीबीएसई आयसीएसईच्या पोरांनी काय करायचं, आणि अठराच्या खालच्या एकाही पोराला लस नाही. सगळं पटतं. पण निर्णय बरोबर असला म्हणून पोरीला वाईट वाटायचं थांबत नाही ना. या दोन गोष्टी तू एकत्र करतोस. ती रडवेली झाली की तू तिला कोरोनाचे आकडे सांगतोस.

आणि "बाकीच्यांकडे बघ, लोकांची माणसं गेली" हे तर अजिबात नको. माझ्या वर्गातल्या एकाचे वडील गेले एप्रिलमध्ये. मी भेटायला गेलो, म्हणजे खालीच उभा राहिलो बिल्डिंगच्या, तो मास्क लावून जिन्यात आला, आणि थोडा वेळ गप्प राहून मला विचारतो काय, "सर, परीक्षा कधी घेतील?" मला आधी काही सुचेना. नंतर लक्षात आलं, बाकी सगळं हातातून गेल्यावर अभ्यास ही एकच गोष्ट त्याच्या हातात उरली होती. त्याच्यापुढे परीक्षेचं दुःख छोटं आहे असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

नातेवाईकांचं तर विचारू नको. "मजा आहे बुवा तुमची, परीक्षा न देता पास." हे वाक्य यंदाच्या दहावीच्या पोरांनी इतक्या वेळा ऐकलंय की त्यांना त्यावर हसता पण येत नाही आता. 99.95 टक्के निकाल, 957 जणांना शंभरपैकी शंभर, त्यावर जोक, मीम, कोरोना बॅच. 16 जुलैला निकालाची वेबसाइट बंद पडली त्यावर पण जोक, की पास तर होणारच होता बघताय काय. तुमच्या फॅमिली ग्रुपवर कोणी हे टाकलं तर चिऊला समजवत बसू नको, तिकडे त्या माणसाला सांग. तुझा तो मोठा साडू, त्याला तर आधीच फोन करून ठेव, गणपतीला तोंड उघडायच्या आत.

आकड्यांचं म्हणशील तर 2019 ला तोंडीचे 20 मार्क काढले तेव्हा निकाल 77.10 वर आला, लोकं म्हणाली हल्लीची पोरं अभ्यासच करत नाहीत. पुढच्या वर्षी ते 20 परत दिले, भूगोलाचा पेपर कोरोनाने रद्द, निकाल 95.30, तीच लोकं म्हणाली खिरापत वाटली. पोरं तीच होती रे, त्याच चाळीतली त्याच वर्गातली. हे मात्र चिऊला सांगितलंस तरी चालेल, तिला आकडे आवडतात.

अजून एक. रागावू नको पण तुझा स्वतःचा पण भ्रमनिरास झालाय. तू परीक्षेसाठी रजा साठवून ठेवली होतीस, सेंटरवर सोडायला मी जाणार मी जाणार करत होतास, वहिनी दही-साखरेचं बोलत होत्या, नवीन पॅड, पाउच, हॉल तिकीट देवापुढे, ते सगळं तुझं पण राहिलं. तिचा तर शाळेचा निरोप समारंभ पण नाही झाला, साडी ठरली होती म्हणे वहिनींची मोरपंखी. यावर तुम्ही दोघं माझ्याशी बोला, आपण नाक्यावर कटिंग घेत शिव्या घालू सगळ्यांना, आता दोन डोस झालेत तर लोकलने येता येईल तुला. पण तिच्यासमोर "आमच्या चिऊचं नुकसान झालं, 92 पडले असते" हे पाहुण्यांना सांगू नकोस. तिला वाटतं तिने तुमचं काहीतरी घालवलं. मुलींना तर लगेच वाटतं.

मग करायचं काय, हेच विचारलंयस ना तू शेवटी. एक तर काही दिवस काही करू नका. तिला चिडू दे. ती म्हणाली हे अन्यायाचं आहे तर "हो, आहे" एवढंच म्हण आणि पुढे "पण" लावू नकोस. तुझा "पण" फार लांब असतो. मग तिच्या मैत्रिणींना घरी बोलवा, दोघीतिघी, खिडक्या उघड्या ठेवून, नाहीतर मुलुंडच्या तुमच्या त्या गार्डनला पाठवा, मास्क लावून बसतील. ही पोरं दीड वर्ष एकमेकांना स्क्रीनवर चौकोनात बघतायत, एकत्र बसून बोर्डाला शिव्या पण घातलेल्या नाहीत त्यांनी. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याशी ती कधीच पूर्ण बोलणार नाही, सोळाव्या वर्षी आपण तरी कुठे बोलत होतो.

लक्ष मात्र ठेव. जेवण, झोप, आणि बोलण्यात "मी कशाला आहे", "मी नसते तर" असलं काही आलं तर तो नाटकीपणा समजायचा नाही, सरळ विचारायचं, आणि मदत घ्यायची. टिसची, म्हणजे देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची, आयकॉल म्हणून हेल्पलाइन आहे, फोनवर ट्रेन्ड लोकं बोलतात, आणि सरकारची पण हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत पण बोलतात. पोरांसाठी 1098 तर आहेच. मला रात्री दोनला फोन केलास तरी चालेल. तुझ्या मेसेजवरून तसं काही वाटत नाही, तरी सांगून ठेवतो, कारण शाळेत हे आम्ही फार उशिरा विचारायला शिकलो.

पसंतीक्रमाचं. दहा कॉलेजं टाकता येतात, पण पहिल्या नंबरावर जे टाकाल तेच मिळालं तर घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिलं तिचंच असू दे, तुझ्या स्वप्नातलं नको. 81 ला माटुंग्याच्या मोठ्या कॉलेजांचा कटऑफ यंदा जमायचा नाही, सगळ्यांचेच मार्क फुगलेत, उगाच आशा लावू नका. मुलुंड, भांडुप, घाटकोपरला बरी कॉलेजं आहेत. आणि अकरावी बारावीच्या दोन वर्षात नववीचे 66 कोणी विचारत नाही, इंजिनीअरिंग-फार्मसीची सीईटी वेगळी, तिकडे तिचा पेपर तीच लिहिणार. पण हे आत्ता सांगू नको, आत्ता सांगितलंस तर परत लॅपटॉप आपटेल, आणि तो तुमच्या ऑफिसचा आहे ना?

आता खरी गोष्ट, जी मी तुला सांगणार नव्हतो पण तिने सांगायला परवानगी दिलीय. तुझा व्हॉइस मेसेज यायच्या आधीच तिचा मेसेज आला होता मला. "काका, खरी परीक्षा झाली असती तर मला गणितात किती पडले असते?" बस एवढंच. मी रात्रभर विचार केला, काय उत्तर देणार, 95 म्हणू? फेकाफेकी झाली ती, आणि ती लगेच ओळखणार.

मग मी तिला लिहिलं की मला माहीत नाही, पण बघता येईल. मी पेपर काढतो, बीजगणित 40, भूमिती 40, बोर्डाच्या पॅटर्नचे, प्रत्येकी दोन तास. ती पाच मिनिटं टायपिंग टायपिंग दिसत होती आणि मग आलं "एकपण मार्क फुकट द्यायचा नाही." मी म्हटलं बाई मी अकरा वर्षं बोर्डाचे पेपर तपासलेत, तुझ्या बापाला विचार मी किती कंजूष आहे. मग म्हणाली "आणि बाबांना मार्क सांगायचे नाहीत." तर ते मी तुला सांगणार नाही. विचारू पण नकोस. तुझ्या ग्रुपवर टाकायला तर मिळणारच नाहीत.

कमी पडले तर? पडतील कदाचित, मे पासून अभ्यास अर्धवट आहे आणि सीईटीचा अभ्यास वेगळा, तिथे नुसतं ऑप्शन निवडायचं. ते पण तिला मी सांगितलंय. म्हणाली चालेल, निदान माझे तरी असतील.

तर तुझं काम एवढंच. पेपर मी प्रिंट काढून पाकिटात घालून चिकटवून आमच्या शाळेतल्या मुलुंडच्या एका मॅडमबरोबर गुरुवारी पाठवतो, फोडायचे नाहीत, वरून माझी सही असेल. पुढच्या रविवारी सकाळी 11 ते 1 बीजगणित, जेवून मग दुपारी 3 ते 5 भूमिती. त्या वेळात टीव्ही बंद, कुकर बंद, तुझा फोन सायलेंट, वरच्या मजल्यावरच्या त्या ड्रिलवाल्याला आधीच सांगून ठेव. पुरवणी लागेल, आखीव कागद आणून ठेव जास्तीचे, आणि दोरा. कंपासला पेन्सिल नीट टोक केलेली हवी, प्रमेय आहेत आणि रचना पण टाकलीय. वहिनींना म्हणावं दही-साखर द्यायची असेल तर तिला आधी विचारा, नको म्हणाली तर नको.

उत्तरपत्रिका तू स्वतः घेऊन ये, त्या निमित्ताने लोकलचा पास काढ. सोमवारी नको, सोमवारी माझी ऑनलाइन लेक्चर्स आहेत आणि नेट रडतं, मंगळवारी संध्याकाळी ये.

तुझा,
सुध्या