भाजीवालीला बोलू दे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझी भाजीवालीवरची कविता वाचली. चोवीस ओळींत ती एकदाच बोलते, आणि तेही 'व्यवस्थेने मला नाकारलं' असं. बाकी सगळं तूच बोलतेस: थकलेले डोळे, कष्टाळू हात, सुरकुत्यांतला इतिहास. हीच विशेषणं विटा वाहणाऱ्या बाईला लावली तरी चालतील. म्हणजे या बाईची ती नाहीतच.

पात्राला या घडीला काय हवंय आणि ते कोणाकडे मागतंय, एवढं आधी पक्कं कर. चेहरामोहरा नंतर, पुष्कळदा लागतही नाही.

संत एकनाथांचं 'सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला' हे भारूड तू कितीदा ऐकलंयस. १६ व्या शतकातलं, पैठणचं. आता ते कारागिरी म्हणून वाच. बाईचं वय, रूप, लुगडं, कशाचा पत्ता नाही. ती देवीपुढे उभी राहून नवस बोलतेय, बस्स. आणि देऊ काय करते? रोडगा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली जाड भाकरच ती. सोन्याचा मुकुट नव्हे, तिच्या चुलीशी जे होतं तेच. एका शब्दात घरची ऐपत कळली.

मग मागण्या. सासरा गावी गेलाय, 'तिकडेच खपवी त्याला'. सासूचं लवकर निर्दाळण कर. फडफड बोलणाऱ्या जावेला बोडकी कर. नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला मात्र मरण नाही, नुसती खरूज. इथे थांबून बघ. प्रत्येक शापाचं माप निराळं आहे. सगळ्यांना सरसकट 'मरू दे' म्हटलं असतं तर नुसती यादी झाली असती. पोराला खरजेवर सोडलं, त्यातून तिचा जीव कुठे अडतो ते दिसलं. आणि जाऊ बोडकी, म्हणजे विधवा, व्हायची तर दीर मरायला हवा, हे रागाच्या भरात तिच्या ध्यानातही येत नाही. तिला न दिसलेलं आपल्याला दिसतं, म्हणून ती खरी वाटते.

नाथ स्वतः येतात ते थेट शेवटी, 'एका जनार्दनी' या नाममुद्रेपुरते. सासर म्हणजे विकार आणि ती शेवटी मागते ते एकटं राहणं म्हणजे मुक्ती, हा अर्थ कीर्तनकार उलगडून सांगतात. पण तो उभा आहे त्या वैतागलेल्या सुनेच्या खांद्यावर. तिच्याच तोंडी अध्यात्म घातलं असतं तर प्रवचन झालं असतं. तुझी 'व्यवस्था' नेमकी तेच करते.

आता तुझी भाजीवाली. सकाळचे नऊ वाजलेत, अजून भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, झालेली नाही. गिऱ्हाईक मेथीची जुडी उलटसुलट करतंय. पहिलं गिऱ्हाईक परत जाऊ नये आणि जुडी पडत्या भावातही जाऊ नये, अशी तिची ओढाताण आहे. ती पाणी शिंपडते, पिवळी पानं जुडीत आत दडपते, 'भवानी करा ताई' म्हणत वर कोथिंबिरीच्या चार काड्या ठेवते. ती दडपलेली पानं गाळू नकोस. तिला निव्वळ सोशीक आणि भली करशील तर ती पुन्हा पुतळा होईल.

आधी कविता लिहूच नकोस. ती गिऱ्हाइकाशी काय बोलेल ती दहा-बारा वाक्यं साध्या गद्यात लिही, मोठ्याने वाच, आणि दुसरं कोणीही म्हणू शकेल असं प्रत्येक वाक्य खोड. तीन-चार उरतील. कविता त्यांच्यावर बांध. यमक सर्वांत शेवटी, कारण 'जुडी'ला जुळवायला आणलेला शब्द तिचा नसतो, तुझा असतो, आणि तिथेच आवाज फाटतो.

बोलीचंही तसंच. ओळीओळीला 'व्हय', 'न्हाई', 'म्या' पेरलंस की सोंग वाटतं. जुडी, वाटा, भवानी, सुट्टे असे धंद्याचे दोन-तीन शब्द आणि बोलण्याची तिची घाई एवढ्यावर भागतं.

शेवटच्या कडव्यात तुझे डोळे पाणावतात, ते कडवं काढून टाक. तिथे तू मधे येऊन उभी राहतेस आणि ती दिसेनाशी होते. गिऱ्हाईक जुडी पिशवीत टाकतं की परत ठेवतं, तेवढं दाखवून थांब.

नवा खर्डा झाला की पाठव. खोडलेली वाक्यंही सोबत पाठव, ती मला बघायची आहेत.

तुझी,
आई