गुडघ्याचं तूर्त काय ठरलं

प्रिय अव्या,

फोनवर तू असा काही तडकलास की माझं बोलणंच राहून गेलं, म्हणून लिहितोय. ऑपरेशनला मी नाही म्हटलेलं नाही, तूर्त पुढे ढकललंय. घाबरून नव्हे. (घाबरलोय, पण कारण ते नाही.)

एमआरआयच्या रिपोर्टात 'एसीएल पूर्ण तुटलेलं' (एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड नि नडगी बांधून ठेवणारा पट्टा, लिगामेंट) वाचलं आणि घरात सगळ्यांचे चेहरे पडले. तुटलंय तर जोडायचं, त्यात विचार कसला, असंच मलाही वाटत होतं. पण तुटलेली टोकं सहसा शिवत नाहीतच म्हणे. मांडीच्या मागचा नाहीतर वाटीखालचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) घेतात, हाडांत बोगदे पाडतात आणि त्यातून नवं लिगामेंट ओवतात. म्हणजे धडधाकट भागातून उचलून इकडे लावायचं आणि ते रुजेपर्यंत पुन्हा व्यायाम. 'एकदाचं करून टाक, मोकळा हो' म्हणतोस, पण खेळायला उतरण्याआधी निदान नऊ महिने थांबायला सांगतात. व्यायाम काही केल्या चुकत नाही.

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी हाताने गुडघा पाहिला. उताणं झोपवलं, पाय जरासा वाकवला, एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्याने नडगी वर ओढली. चांगल्या पायाची नडगी खटकन थांबली. या पायाची सरकतच राहिली. दुखलं नाही, पण पोटात गोळा आला रे. मग विचारलं, चालताना निसटतो का? मध्येच अडकतो का, पूर्ण सरळ होतो ना? गुडघ्यातल्या दोन हाडांमधली गादी फाटून गुडघा अडकला असता तर थांबायचा विषयच नव्हता.

स्वीडनमधला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झालाय. १२१ तरुण, खेळती माणसं. काहींचं लवकर ऑपरेशन, बाकीच्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. पाच वर्षांत दुसऱ्या गटातल्या निम्म्या लोकांनी ऑपरेशन करून घेतलं. तू म्हणशील, बघ, निम्म्यांना करावंच लागलं! मी म्हणतो, निम्म्यांना नाही लागलं. पण तुझ्या बाजूचंही सांगतो: दुखापत जुनी होऊनही गुडघा निसटतच राहिला, तर ऑपरेशनवालेच फायद्यात राहतात, असं ब्रिटनमधल्या २०२२ च्या अभ्यासात दिसलं.

म्हणून तीन महिने मन लावून फिजिओ. आधी सूज उतरवून पाय पूर्ण सरळ करायचा, मग मांडीत ताकद आणायची. पुढे ऑपरेशन करायचं ठरलं तरी ही मेहनत वाया जात नाही. आखडलेल्या गुडघ्यावर घाई केली तर तो नंतर आणखी आखडू शकतो. मध्ये वरचेवर निसटायला लागला तर मात्र हट्ट सोडेन, कारण दर वेळी आतल्या गादीला धोका.

खरी अडचण बॅडमिंटनची. सरळ चालायला, पोहायला, सायकल चालवायला बहुतेक जमेल. पण कोर्टवर एकदम थांबून गर्रकन वळायचं म्हणजे एसीएलचंच काम. खेळ सोडवेल का, हे रिपोर्टात कुठं लिहिलेलं असतं! बायको म्हणते, सोडवणार नाही. तिला विचारलं नव्हतं.

तुझा कंडरा कुठला घेतला होता? वाटीखालचा असेल तर गुडघे टेकून बसताना अजून दुखतं का? 'मस्त आहे रे' असं एका ओळीत उडवू नकोस, पहिले दीड महिने कसे गेले ते सविस्तर कळव.

तुझा,
नंदू