एनर्जी कुणाला लावायची हे शिकवणाऱ्या मुलास

विश्रामबाग, सांगली

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही, ते तुला आवडायचं नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. इंजिनिअरिंगची सगळी वर्षं तू आमच्या वरच्या खोलीत काढलीस. भाडं कधी मागावं लागलं नाही, टाकी भरली की मोटार बंद करायला तूच धावायचास. त्याबद्दल कधी तरी सवडीनं लिहीन. आज एकाच गोष्टीबद्दल लिहिते. माझ्या मुलाच्या खेळात मला शिरता आलं, ते तुझ्यामुळं.

पोकेमॉनचा फोनवरचा पत्त्यांचा खेळ, टीसीजी पॉकेट, ३० ऑक्टोबर २०२४ ला आला. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. आमचा सातवीतला मुलगा अंघोळ उरकून फोन घेऊन बसला तो फराळालाही उठेना. फोन काढून घ्यावा, ह्यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं. मला मात्र त्याच्याबरोबर खेळायचं होतं. जिन्यात तुला हे सांगितलं तेव्हा तू हसला नाहीस. "खेळायचं तर नीटच खेळू की काकू," म्हणालास, आणि संध्याकाळी चौकटीची वही घेऊन खाली आलास.

पत्त्यांच्या आधी तू पैशाचं बोललास, हे मी कधी विसरणार नाही. "पोरगं पॅकसाठी पैसे मागंल. द्यायचं नाही." मग त्यालाच शेजारी बसवून हिशेब करायला लावलास. दर बारा तासांनी एक, असे दिवसाला दोन पॅक, म्हणजे पत्त्यांची बंद पाकिटं, फुकट फोडता येतात. एका पॅकमध्ये पाच पत्ते. प्रत्येक पॅकमागं पाच पॅक पॉइंट साठतात, आणि पाचशे पॉइंट झाले की त्या संचातलं हवं ते साधं ईएक्स कार्ड, म्हणजे जास्त ताकदीचा पत्ता, घेता येतं. पाचशेला पाचानं भाग दे, शंभर पॅक. दिवसाला दोन, म्हणजे पन्नास दिवस. पोरानं उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर डिसेंबरातल्या तारखेला खूण केली आणि पैशाचा विषय आमच्या घरात संपला. हाच हिशेब नंतर गल्लीतल्या बाकीच्या पोरांना तू गच्चीवर बसवून शिकवलास. त्यांच्या आया आजही तुझं नाव काढतात. फुकटात मिळतं ते किती आणि किती दिवसांत, हे पोरांना आकड्यांत कळलं तर ती थांबायला तयार असतात. आपणच त्यांना आकडे सांगत नाही, नुसतं "नाही" म्हणतो.

मग डेक, म्हणजे डावासाठी निवडलेली पत्त्यांची गड्डी. तू वहीत लिहिलेलं पान मी जपून ठेवलंय. बल्बासॉर दोन, आयव्हीसॉर दोन, व्हीनसॉर ईएक्स दोन. एग्झेग्क्यूट दोन, एग्झेग्युटर ईएक्स दोन. हे झाले दहा पोकेमॉन. बल्बासॉरचा आयव्हीसॉर आणि त्याचा व्हीनसॉर होतो, एग्झेग्क्यूटचा एग्झेग्युटर. उरलेले दहा मदतीचे पत्ते: प्रोफेसर्स रिसर्च दोन, पोके बॉल दोन, एरिका दोन, सब्रिना दोन, जिओव्हानी एक, एक्स स्पीड एक. खाली रेघ मारून "२०". छापील पत्त्यांच्या खेळात साठ पत्त्यांचा डेक असतो, बेंचवर, म्हणजे मागच्या राखीव जागेवर, पाच जण बसतात आणि सहा प्राइझ कार्डं उचलायची असतात. इथं वीस पत्ते, बेंचवर तिघंच, आणि समोरच्याचे पोकेमॉन पाडून तीन पॉइंट झाले की डाव संपला. एका नावाचे दोनच पत्ते ठेवता येतात. त्यामुळं जागा इतकी थोडी, की हल्ला करणारे तिघं घ्यायचे म्हटलं तर त्यांना वर आणणारे पत्ते बसतच नाहीत. दोनच घ्यायचे, आणि दोघांची कामं वेगळी. तू एवढंच सांगून थांबला नाहीस, का ते समजावलंस. तिथंच मला ह्या खेळाची खरी गोडी लागली.

पोकेमॉनला मारायला एनर्जी लावावी लागते. एग्झेग्युटर ईएक्स एका एनर्जीवर मारतो. चाळीसचा मार, वर कॉईन उडवायचं, हेड आलं तर आणखी चाळीस. व्हीनसॉर ईएक्सच्या जायंट ब्लूम ह्या हल्ल्याला चार एनर्जी लागतात, पण तो शंभर मारतो आणि स्वतःचे तीस भरून काढतो. एनर्जी पाळीला एकच मिळते. म्हणून पहिली पुढच्याला आणि त्यानंतरच्या चारही मागं बेंचवर बसलेल्याला. आपण दुसरे खेळत असू तर पहिल्याच पाळीला एनर्जी मिळते. पहिल्या पाळीत इव्हॉल्व्ह, म्हणजे पोकेमॉनचं वरचं रूप, करता येत नाही, दुसरीपासून करता येतं. पत्ते वेळेवर आले तर दुसऱ्या पाळीला एग्झेग्युटर उभा राहून मारायला लागतो, तिसरीला मागं व्हीनसॉर तयार होतो आणि पाचवीला त्याच्या चार एनर्जी भरतात. जो पहिला खेळतो त्याला पहिल्या पाळीला एनर्जीच मिळत नाही, म्हणून व्हीनसॉरच्या चार एनर्जी भरणं एक पाळी पुढं जातं. ह्या डेकला दुसरं खेळणं मानवतं, हे तू वहीत तक्ता काढून दाखवलंस. त्या तक्त्यात खालपर्यंत नुसते बाण होते. पहिला पुढं, बाकीचे सगळे मागं.

आणि मग ते वाक्य: "एग्झेग्युटर मरणार हे धरूनच चालायचं काकू. तो मरताना काय घेऊन जातो ते बघा." घेऊन जातो एकच एनर्जी. समोरच्याला दोन पॉइंट मिळतात खरे, पण तेवढ्यासाठी त्याच्या तीन-चार पाळ्या खर्च झालेल्या असतात आणि आमच्या चार एनर्जी मागं शाबूत असतात. दोघंही ईएक्स, म्हणजे प्रत्येकाचे दोन पॉइंट, म्हणजे दुसरा गेला की डाव गेला. दोघांचीही माघार तीन एनर्जीची, तेव्हा पुढं आलेला सहसा मागं जात नाही. कोण कधी पुढं येणार, हे आधीच ठरवावं लागतं. पाळी खेळण्याआधी तू दर वेळी एकच प्रश्न विचारायचास, "एनर्जी कुणाला?" उत्तर कधी सांगितलं नाहीस. मी कारण देईपर्यंत स्क्रीनकडं बघत बसायचास. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीचे हिशेब सांभाळण्यात माझा दिवस जातो, पण "हे इथं का?" असं कुणी इतक्या शांतपणे मला विचारलेलं आठवत नाही.

कॉईनचंही तसंच. "हेड पडलं तर चांगलंच, पण बेत चाळीसचाच करायचा," हे तू पोराला शिकवलंस. सरासरी साठ येते हे त्याला शाळेतल्या गणितानं कळलं होतं. पण एका डावात सरासरी पडत नाही, चाळीस पडतात नाही तर ऐंशी पडतात, हे त्याच्या गळी तू उतरवलंस. आता टेल पडलं तरी तो चिडत नाही.

तो रविवार तुला आठवत असेलच. पोराचा डेक चारिझार्ड ईएक्स आणि मोल्ट्रेस ईएक्सचा, म्हणजे आमच्या गवताच्या पत्त्यांना आग. आमच्या दोघांचीही कमजोरी आगच, प्रत्येक मारावर वीस जादा. एग्झेग्युटर गेला होता, पोराचे दोन पॉइंट झाले होते. माझ्या व्हीनसॉरनं मोल्ट्रेस पाडला, माझेही दोन. मग चारिझार्ड पुढं आला, चौथी एनर्जी लागली आणि क्रिमसन स्टॉर्म हा त्याचा मोठा हल्ला आला. दीडशे आणि वरचे वीस, एकशे सत्तर. व्हीनसॉरचा जीव एकशे नव्वदचा. उरले वीस. स्वयंपाकघराच्या दारात आमचे यजमान बघत उभे होते, ते म्हणाले, "गेलं." तू काहीच बोलला नाहीस. माझ्या हातात एरिका होती, तुझ्याच सांगण्यावरून राखून ठेवलेली. "एरिका खरचटल्यावर वापरायची नाही, मार बसल्यावर वापरायची." एरिका पन्नास भरून काढते, वीसचे सत्तर झाले. जायंट ब्लूमनं चारिझार्डच्या एकशे ऐंशीतले शंभर काढले आणि मला तीस परत दिले. शंभर झाले.

आता खरी गोष्ट अशी, की क्रिमसन स्टॉर्म खेळलं की चारिझार्डच्या आगीच्या दोन एनर्जी जातात. पोराकडं दोन उरल्या होत्या, एक नवी लागली, तीन झाल्या. तिनात स्टॉर्म होत नाही, स्लॅश होतो. साठ आणि वीस, ऐंशी. माझे पुन्हा वीसच उरले. पण उरले. पुढच्या ब्लूममध्ये चारिझार्ड पडला. एरिका नसती तर वीसचे पन्नासच होणार होते आणि ऐंशीच्या स्लॅशला ते पुरले नसते. हा हिशेब मी डाव संपल्यावर मोठ्यानं केला आणि पोरगं म्हणालं, "आई, तुला माझ्या कार्डाचं पण पाठ आहे?" त्या दिवसापासून शाळेतून आल्यावर तो मला डाव सांगतो. डावाबरोबर बाकीचंही सांगतो: कुणाशी भांडण झालं, कुठल्या पेपरात काय अवघड गेलं. बाळा, ह्याचे आभार कसे मानतात ते मला माहीत नाही, म्हणून सरळ लिहिते. तुझ्यामुळं माझा मुलगा माझ्याशी बोलतो.

आपल्या गावाला बुद्धिबळाचं मोठं कौतुक. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ ही नावं इथल्या जुन्या घरांत आदरानं घेतात, बुद्धिबळपटू स्वाती घाटे ह्याच गावची. त्यामुळं "त्यापेक्षा पट मांडा की" असं आम्हाला शेजारच्या आजोबांनी ऐकवलंच. तू त्यांच्यासमोर फोन ठेवलास आणि अदबीनं सांगितलंस, "आजोबा, पटावर समोरच्याचं सगळं दिसतं. इथं त्याच्या हातातले पत्ते दिसत नाहीत, तरी काय असतील ते ओळखायचं." मग त्याच्या डेकमधले कुठले पत्ते होऊन गेले, त्यावरून एक सब्रिना अजून शिल्लक आहे हे त्यांनाच मोजायला लावलंस. ते मोजत बसले. नंतर त्यांनी पट मांडा म्हणायचं सोडलं नाही, पण आमचे डाव बघायला खुर्ची ओढून बसायला लागले. मला स्वतःला वाटतं, पोरानं दोन्ही खेळावं. आणि पैसे लावून खेळायच्या रमीच्या जाहिराती २०२५ पर्यंत फोनवर यायच्या, त्यांच्या पंगतीत ह्या खेळाला बसवणाऱ्यांशी मी वाद घालते. इथं डावावर काही लावायचं नसतं.

जानेवारी २०२५ च्या शेवटी मित्रामित्रांत पत्त्यांची अदलाबदल सुरू झाली. माझ्याकडं एग्झेग्युटर ईएक्स एकच होता, दुसरा तू दिलास. बदल्यात त्याच दर्जाचं कार्ड द्यावं लागतं म्हणून तू माझ्याकडचं विग्लीटफ ईएक्स घेतलंस. तुला त्याचा काही उपयोग नव्हता. मी तसं म्हणाले, तर म्हणालास, "चित्र चांगलंय." तुझ्या परीक्षा तोंडावर होत्या, तरी तेवढ्यासाठी खाली आलास.

३० एप्रिल २०२५ ला नव्या संचात रेअर कँडी आली. मधल्या आयव्हीसॉरवाचून बल्बासॉरचा थेट व्हीनसॉर करता येतो. तू गेल्यावर डेकमधला हा पहिला बदल आम्ही दोघांनी आमच्या डोक्यानं केला. एक आयव्हीसॉर आणि एक सब्रिना काढून दोन कँड्या घातल्या. पोराचं म्हणणं दोन्ही आयव्हीसॉर काढावेत. माझं म्हणणं एक राहू दे. कँडी नाही आली तर बल्बासॉर तसाच बसून राहील, आणि एनर्जी तर आपण त्याच्यावर लावून बसलेलो असतो. आता पाडल्यावर तीन पॉइंट देणारे मेगा पोकेमॉन आलेत, त्यांच्यापुढं आपली जोडी जुनी झाली असंही तो म्हणतो. मला पटत नाही. मेगा पाडला की एकाच फटक्यात डाव आपला.

तुझं काय मत आहे ते पोराच्या नावानं लिहून कळव, माझ्या नावानं नको. त्याला तुझ्या पत्राची वाट असते. सुट्टीला जतला जाशील तेव्हा सांगलीत उतर. भडंगाची पिशवी तुझ्या आईसाठी बांधून ठेवते. वरच्या खोलीत सध्या कुणी नाही, मुक्कामालाच ये.

तुझी,
खालची काकू